शॅमरॉकचा हिरवा, बॉइनचा नारिंगी

दरवर्षी मार्च महिन्याच्या मध्यास अमेरिकेतील शिकागो शहरात एक विलक्षण दृश्य पाहावयास मिळते. शहराच्या मधोमध वाहणाऱ्या नदीत नौका उतरतात, नौकेवरील माणसे चाळणीने एक भुकटी पाण्यावर पेरीत जातात आणि पाहता पाहता नदीचे पाणी पाचूसारखे हिरवेगार होते. दोन्ही तीरांवर लक्षावधी माणसे हिरव्या टोप्या, हिरवे सदरे, हिरवे गळपट्टे घालून जल्लोष करीत उभी असतात. निमित्त असते १७ मार्चचे, आयर्लंडचा संरक्षक संत मानल्या गेलेल्या पॅट्रिकच्या दिवसाचे. शिकागोतील नळकारागिरांच्या संघटनेने १९६२ साली ही प्रथा सुरू केली. नदीत सांडपाणी कोठून मिसळते हे शोधण्यासाठी वापरले जाणारे रंगद्रव्य त्यांच्या हाताशी होते. पहिल्या वर्षी शंभर पौंड द्रव्य ओतले गेले आणि नदी आठवडाभर हिरवी राहिली. तीरावरील गर्दीतल्या फारच थोड्यांच्या ध्यानात येणारी गोष्ट मात्र निराळीच आहे. ती भुकटी हिरवी नसते, ती नारिंगी असते. पाण्याशी संयोग झाल्यावरच ती हिरवी होते.

आयर्लंडचा इतिहास ज्यास ठाऊक आहे, त्यास या योगायोगाचे हसू येईल आणि थोडे वाईटही वाटेल. कारण त्या देशात हिरवा आणि नारिंगी हे केवळ रंग नाहीत. दोन समाजांच्या तीन शतकांच्या वैराच्या त्या दोन खुणा आहेत. १७ मार्चला हिरवे परिधान करणारा आयरिश मनुष्य आणि १२ जुलैला नारिंगी पट्टा गळ्यात घालून मिरवणुकीत चालणारा अल्स्टरचा प्रॉटेस्टंट यांनी परस्परांचे रंग पाहून आजवर पुष्कळदा मुठी वळल्या आहेत. हे रंग त्यांच्या अंगावर आले कोठून?

‘हिरवा हा संत पॅट्रिकचा रंग’ हे उत्तर सर्वत्र दिले जाते. ते निखालस चुकीचे आहे. पॅट्रिक हा पाचव्या शतकातील धर्मप्रसारक. रोमन सत्तेखालील ब्रिटनमध्ये तो जन्मला. सोळाव्या वर्षी आयरिश चाच्यांनी त्यास पळवून नेऊन गुलाम केले. सहा वर्षे त्याने गुरे राखली, मग तो निसटला आणि पुढे धर्मप्रसारासाठी त्याच देशात परतला. त्याने लॅटिनमध्ये लिहिलेली दोन लेखने आज उपलब्ध आहेत. त्यांत ना कोणत्या रंगाचा उल्लेख आहे, ना शॅमरॉक या त्रिदळी पानाचा. हे पान हाती धरून त्याने त्रैक्याची कल्पना समजाविली, ही जगभर सांगितली जाणारी कथा लिखित स्वरूपात प्रथम आढळते ती अठराव्या शतकाच्या आरंभी, म्हणजे पॅट्रिकनंतर जवळजवळ तेराशे वर्षांनी. बेलाच्या त्रिदळाशी परिचित असलेल्या मराठी वाचकास तीन पानांत देवत्व पाहण्याची कल्पना परकी वाटणार नाही. पण गोड कथा आणि पुरावा यांत अंतर राखलेच पाहिजे.

पुरावा काय सांगतो? थॉमस डिनली नावाच्या इंग्रज प्रवाशाने १६८१ साली नोंदवून ठेवले आहे की, १७ मार्चला सर्व थरांतील आयरिश लोक टोपीवर क्रूस लावतात, कोणी टाचण्यांचा तर कोणी हिरव्या फितीचा, आणि सामान्य लोक शॅमरॉक खोचतात. श्वास सुगंधी व्हावा म्हणून हे लोक ते पान खातात, असेही तो जाता जाता सांगतो. पुढे १७२६ साली केलेब थ्रेलकेल्ड या वनस्पतिशास्त्रज्ञाने या प्रथेचा उल्लेख केला आणि त्या दिवशी पान मद्यात भिजविण्याच्या निमित्ताने जो अतिरेक होतो, त्याबद्दल नाकही मुरडले. म्हणजे टोपीत पान खोचण्याची चाल जुनी आहे, पण संपूर्ण हिरवा वेष तिच्यात नाही. कित्येक गावांतून तर अगदी विसाव्या शतकापर्यंत मुले कागदाचे व मुली रेशमी फितींचे नाना रंगांचे क्रूस छातीवर लावीत असत. हिरव्या रंगाविषयी खेड्यापाड्यांत उलट धास्तीच होती. हा परीलोकाचा रंग, तो लेकरांच्या अंगावर नको, असे आयांचे मत असे.

राजसत्तेने पॅट्रिकशी जो रंग जोडला, तो तर वेगळाच होता. तिसऱ्या जॉर्ज राजाने १७८३ साली आयरिश सरदारांसाठी ‘ऑर्डर ऑफ सेंट पॅट्रिक’ हा मानाचा संघ स्थापन केला. इंग्लंडच्या ‘गार्टर’ संघाची फीत गडद निळी, स्कॉटलंडच्या ‘थिसल’ची हिरवी, तेव्हा आयर्लंडच्या वाट्यास फिकट निळा रंग देण्यात आला. हिरवा हा त्या काळी दरबारी हिशेबात स्कॉटलंडकडे होता! आयर्लंडच्या राजचिन्हातही निळ्या पटावर सोनेरी हार्प होते व आहे. प्रजासत्ताकाच्या राष्ट्राध्यक्षाचा ध्वज आजही निळाच आहे, आणि ब्रिटिश सैन्यातील आयरिश गार्ड्स पलटणीच्या केसाळ टोपीवरील तुरा आजही ‘सेंट पॅट्रिकच्या निळ्या’ रंगाचा असतो. राजाने निळा दिला. लोकांनी तो घेतला नाही. सारा प्रश्न आहे तो या न घेण्याचा.

हिरव्याचा राजकीय प्रवास सतराव्या शतकात सुरू होतो. १६४१ च्या उठावानंतर स्पेनच्या सेवेतून मायदेशी परतलेल्या ओवेन रो ओ’नीलने हिरव्या पटावर सोनेरी हार्प असलेला ध्वज मिरविला. क्रॉमवेलच्या स्वारीने तो उठाव चिरडला गेला. त्यानंतरच्या पिढीत झालेल्या ज्या लढाईने आयर्लंडची कायमची दुफळी केली, तिच्यात मात्र हिरव्याचे स्थान चकित करणारे होते. जुन्या पंचांगाप्रमाणे १ जुलै १६९० रोजी बॉइन नदीच्या काठी दोन राजे समोरासमोर उभे ठाकले. एका बाजूस पदच्युत कॅथलिक राजा दुसरा जेम्स, दुसऱ्या बाजूस त्याचा प्रॉटेस्टंट जावई, ऑरेंज घराण्याचा तिसरा विल्यम. दोन्ही सैन्यांत नाना देशांचे लोक. आपपरभाव कळावा म्हणून जेम्सच्या सैनिकांनी टोपीला पांढरा कागद लावला, कारण त्यांच्या फ्रेंच मित्रराजाचा रंग पांढरा. आणि विल्यमच्या सैनिकांनी टोपीत काय खोचले? हिरवी डहाळी. ज्या विजयाचा उत्सव आज १२ जुलैला नारिंगी पट्टे घालून साजरा होतो, तो विजय मिळविणारे सैन्य टोपीत हिरवा पाला खोचून लढले होते. रंगांच्या अनादित्वावर भाषणे ठोकणाऱ्या दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांना ही एवढी एकच गोष्ट कोणीतरी सांगावयास हवी.

नारिंगी रंगाची कुळकथाही तितकीच रोचक आहे. फ्रान्सच्या दक्षिणेस ‘ऑरेंज’ नावाचे एक लहानसे संस्थान होते. १५४४ साली ते वारसाहक्काने नासाऊ घराण्यातील विल्यमकडे आले. हाच पुढे स्पेनविरुद्ध डच स्वातंत्र्ययुद्धाचा नेता झाला. बॉइनचा विल्यम त्याचा पणतू. या संस्थानाच्या नावाचा फळाशी किंवा रंगाशी मुळात काडीचाही संबंध नव्हता. ‘अराउसिओ’ या प्राचीन नावाचा तो अपभ्रंश, आणि अराउसिओ ही ख्रिस्तपूर्व काळातील केल्टिक जलदेवता. फळाचे नाव मात्र पूर्वेकडून आले. संस्कृतातील ‘नारंग’ फारसीत गेले, अरबीत ‘नारंज’ झाले आणि युरोपात पोहोचेपर्यंत आरंभीचा ‘न’ गळून ‘ऑरेंज’ उरले. दोन शब्द उच्चाराने एक झाले आणि डच घराण्याने त्या श्लेषातून आपला रंग निवडला. आयर्लंडमधील प्रॉटेस्टंट वर्चस्वाची खूण म्हणून जो रंग मिरविला जातो, त्याच्या नावात एक केल्टिक देवता आणि एक संस्कृत शब्द दडलेला आहे. महाराष्ट्रातील वाचकास नारिंगी म्हणताच भगवा आठवतो, पण या नारिंगीचा वैराग्याशी वा संन्यासाशी संबंध नाही. एका घराण्याच्या नावावरील कोटीतून तो आला आहे.

खरी उलथापालथ झाली अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात. फ्रेंच राज्यक्रांतीने प्रेरित झालेल्या तरुणांनी १७९१ साली बेलफास्टमध्ये ‘युनायटेड आयरिशमेन’ ही संघटना स्थापिली. कॅथलिक, प्रॉटेस्टंट आणि प्रेस्बिटेरियन या सर्वांनी प्रथम आयरिश व्हावे, हे तिचे ब्रीद. तिने हिरवा हा राष्ट्राचा रंग ठरविला, टोपीवर हिरव्या फितीचे फूल लावले, हिरव्या ध्वजावर हार्प रेखिले. हे संस्थापक बव्हंशी प्रेस्बिटेरियन होते आणि त्यांचा सर्वांत नामांकित नेता वुल्फ टोन हा अँग्लिकन होता, ही गोष्ट आज दोन्ही पक्ष सोयीस्करपणे विसरतात. हिरव्याला राष्ट्राचा रंग केला तो प्रामुख्याने प्रॉटेस्टंटांनीच.

या ऐक्याची सत्तेला धास्ती वाटणे स्वाभाविकच होते. चारच वर्षांनी, १७९५ च्या सप्टेंबरात, आर्मा परगण्यात कॅथलिक व प्रॉटेस्टंट टोळ्यांत रक्तरंजित चकमक झाली आणि त्याच ठिकाणी ‘ऑरेंज ऑर्डर’चा जन्म झाला. बॉइनच्या विल्यमचे नाव व रंग तिने धारण केले. सरकारी अधिकाऱ्यांतील अनेकांना ही संघटना हवीच होती, कारण प्रजा रंगांत विभागली की राज्य करणे सोपे जाते. साम्राज्याची ही युक्ती भारतीय वाचकास समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

१७९७-९८ या दोन वर्षांत हिरवी फीत लावणे म्हणजे राजद्रोहाच्या संशयास आमंत्रण देणे ठरले. सैनिकांनी स्त्रियांच्या अंगावरील हिरवे रुमाल व फिती ओरबाडून काढल्या, आखूड केसांच्या तरुणांना बंडखोर समजून त्यांच्या डोक्यावर पेटत्या डांबराच्या टोप्या बसविल्या. ‘हिरवे परिधान करणे’ हेच शीर्षक असलेले लोकगीत याच दडपशाहीच्या स्मृतीतून निर्माण झाले व पुढे आयरिश माणूस जेथे जेथे गेला तेथे तेथे गायिले गेले. १७९८ चा उठाव निर्घृणपणे मोडण्यात आला, हजारो माणसे मेली. उत्तरेतील बंडाचा नेता हेन्री जॉय मॅक्रॅकन यास १७ जुलै १७९८ रोजी बेलफास्टमध्ये भर चौकात फाशी देण्यात आले. हिरव्यासाठी फासावर गेलेला हा पुरुष प्रेस्बिटेरियन होता.

येथे एका विद्वत्तापूर्ण आक्षेपाचा विचार करणे आवश्यक आहे. एरिक हॉब्सबॉम व टेरेन्स रेंजर यांनी १९८३ साली संपादिलेल्या ग्रंथापासून ‘परंपरा या घडविलेल्या असतात’ हे मत विद्यापीठीय वर्तुळांत फारच लोकप्रिय झाले. स्कॉटलंडचा किल्ट हा पोषाख पुरातन नसून अलीकडचा आहे, हे त्याच ग्रंथात ट्रेव्हर-रोपर यांनी मोठ्या चवीने सांगितले आहे. संशोधन म्हणून त्याचे मोल आहेच. पण या मताचे अनुयायी ‘घडविलेली’ या शब्दापासून ‘खोटी’ या शब्दापर्यंत एका उडीत पोहोचतात. आयर्लंडचा हिरवा हा पाचव्या शतकातील नाही, अठराव्या शतकातील आहे, म्हणून तो बनावट. असे म्हणणाऱ्यास मॅक्रॅकनच्या फासाचे काय उत्तर देता येईल? प्रथेचे वय आणि प्रथेचे सत्य या दोन भिन्न गोष्टी होत. संताने दिला नसेल, पण माणसांनी तो रंग प्राण देऊन विकत घेतला. राजाच्या निळ्यासाठी कोणी फासावर गेल्याचे ऐकिवात नाही, म्हणूनच तो बिरुदांवर व तुऱ्यांवर राहिला आणि लोकांच्या अंगावर आला नाही. अर्थात, उलट बाजूचा भाबडेपणाही तितकाच टाळावयास हवा. प्रथेचा मान वाढावा म्हणून तिच्यावर खोटे प्राचीनत्व लादणारे अखेर तिला हास्यास्पदच करतात. हिरव्याला पॅट्रिकची गरज नाही. त्याचा खरा इतिहासच पुरेसा आहे.

त्या इतिहासातील सर्वांत उदात्त क्षण १८४८ सालचा. देशात भीषण दुष्काळ चालू होता. बटाट्याचे पीक नासले होते. १८४५ ते १८५२ या काळात सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व रोगराईने मेली, आणि त्याहून अधिक देशोधडीस लागली. अशा वेळी ७ मार्च १८४८ रोजी वॉटरफर्ड शहरात थॉमस फ्रान्सिस मेहर या पंचवीस वर्षांच्याही आतील तरुणाने एका इमारतीवरून प्रथमच हिरवा, पांढरा व नारिंगी असा तीन उभ्या पट्ट्यांचा ध्वज फडकविला. पुढील महिन्यात डब्लिनमध्ये त्याने त्याचा अर्थ सांगितला. एका बाजूस हिरवा, दुसऱ्या बाजूस नारिंगी आणि मधला पांढरा म्हणजे त्या दोहोंतील चिरस्थायी सलोखा. मेहर कॅथलिक होता. ज्या संघटनेच्या लोकांनी १७९८ मध्ये हिरव्या फिती ओरबाडल्या, तिचा रंग त्याने स्वतःच्या राष्ट्रध्वजावर निम्म्या मानाने घेतला. पराभूत, उपाशी प्रजेच्या नेत्याने दाखविलेले हे मन साधे नव्हे.

मेहरला राजद्रोहाबद्दल मृत्युदंड झाला, तो जन्मठेपेत बदलून त्यास ऑस्ट्रेलियाजवळील टास्मानिया बेटावर धाडण्यात आले. तेथून १८५२ मध्ये निसटून तो अमेरिकेत पोहोचला. तेथील यादवी युद्धात त्याने आयरिश ब्रिगेडचे नेतृत्व केले. १३ डिसेंबर १८६२ रोजी फ्रेडरिक्सबर्गच्या रणांगणावर चढाईपूर्वी ब्रिगेडचे हिरवे ध्वज फाटून निकामी झालेले होते. तेव्हा मेहरने आज्ञा केली, प्रत्येकाने टोपीत बॉक्सवूडच्या झुडपाची हिरवी डहाळी खोचावी. सुमारे बाराशे माणसे त्या टेकडीवर चालून गेली. पाचशेहून अधिक मारली वा जखमी झाली. मागाहून प्रेते उचलणाऱ्यांना टोपीतील पाल्यावरून ती कोणाची हे ओळखता आले. शिकागोच्या तीरावर हिरवी प्लॅस्टिकची टोपी घालून उभ्या असलेल्या तरुणाच्या पणजोबांच्या पिढीने अमेरिकेच्या भूमीवरही त्या रंगाची किंमत मोजली होती, ती अशी.

सत्तेला लोकांचे चिन्ह चिरडता आले नाही की ती ते आपलेसे करू पाहते. शॅमरॉकच्या बाबतीत हेच झाले. ब्रिटिश सैन्यातील आयरिश शिपायांना गणवेषावर ते पान लावण्यास मनाई असे. पण दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात आयरिश पलटणींनी फार रक्त सांडले, तेव्हा १९०० च्या मार्चमध्ये व्हिक्टोरिया राणीने हुकूम काढला की, सेंट पॅट्रिकच्या दिवशी आयरिश सैनिकांनी शिरस्त्राणावर शॅमरॉकची डहाळी धारण करावी. कालची शिक्षापात्र गोष्ट एका हुकमाने राजनिष्ठेची खूण झाली! त्याच युद्धात जॉन मॅकब्राइडच्या नेतृत्वाखाली काही आयरिश लोक बोअरांच्या बाजूने, म्हणजे त्याच राणीविरुद्ध, लढत होते, हे सांगितल्यावाचून मात्र ते चित्र पुरे होत नाही. १९१६ च्या ईस्टर उठावानंतर मॅकब्राइडला ब्रिटिशांनी गोळ्या घातल्या. त्या उठावात डब्लिनच्या मुख्य टपाल कचेरीवर मेहरचा तिरंगा फडकला. १९३७ च्या राज्यघटनेने तो राष्ट्रध्वज म्हणून मुक्रर केला.

या तिरंग्याचा एक अध्याय भारतभूमीवरही लिहिला गेला आहे आणि तो भारतीयांना फारसा ठाऊक नाही. १९२० च्या उन्हाळ्यात ब्रिटिश सैन्याची कॅनॉट रेंजर्स ही आयरिश पलटण पंजाबात जालंधर येथे होती. आयर्लंडमध्ये ‘ब्लॅक अँड टॅन्स’ या सरकारी दलाने मांडलेल्या अत्याचारांच्या वार्ता घरच्या पत्रांतून शिपायांपर्यंत पोहोचत होत्या. २८ जून रोजी काही शिपायांनी चाकरी करण्यास नकार दिला. त्यांनी बाजारातून हिरवे, पांढरे व नारिंगी कापड आणविले, त्याचे ध्वज शिवले, छातीवर त्याच तीन रंगांच्या फितीची फुले लावली आणि छावणीवरील ब्रिटिश ध्वजाच्या जागी आयरिश तिरंगा चढविला. बंडाचे लोण सिमल्याजवळील सोलन येथील तुकडीत पोहोचले. तेथे शस्त्रागारावर चालून जाताना दोन शिपाई मारले गेले. अनेकांना मृत्युदंड सुनावण्यात आला, पण तो अमलात आणला गेला तो एकाच्याच बाबतीत. जेम्स डेली या वीस वर्षांच्या तरुणास २ नोव्हेंबर १९२० रोजी दगशाईच्या लष्करी तुरुंगात गोळ्या घालण्यात आल्या. पन्नास वर्षांनी, १९७० मध्ये, त्याच्या अस्थी मायदेशी नेण्यात आल्या. जालियनवाला बागेस तेव्हा जेमतेम सव्वा वर्ष झाले होते, आणि त्या हत्याकांडाचे समर्थन करणारा पंजाबचा नायब राज्यपाल मायकेल ओड्वायर हाही आयरिशच होता. एकाच देशाची माणसे, एकाच प्रांतात. कोणी साम्राज्याची काठी झाले, कोणी पंजाबच्या बाजारातील कापडाच्या तीन तुकड्यांसाठी छाती पुढे केली.

भगिनी निवेदिता यांचे उदाहरणही येथे आठवते. त्यांचा जन्म १८६७ साली अल्स्टरमधील टायरोन परगण्यात, डंगॅनन गावी झाला. वडील प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक, तर मातामह हॅमिल्टन आयरिश स्वशासनाच्या चळवळीतील कार्यकर्ते. पुढे भारतासाठी ध्वज योजताना त्यांनी वज्राचे चिन्ह आणि तांबडा व पिवळा हे रंग घेतले. मायभूमीचा हिरवा त्यांनी या देशावर लादला नाही. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली ‘होमरूल’ हा शब्द आयर्लंडकडून घेतला, पण त्यातील आशय संपूर्णपणे स्वतःचा भरला. उसने काय घ्यावे आणि स्वतःचे काय राखावे, याचा विवेक त्या पिढीपाशी होता.

हा विवेक आजच्या उत्सवात शोधू गेल्यास हाती फारसे काही लागत नाही. आयर्लंडमध्ये १७ मार्च हा मूळचा प्रार्थनेचा आणि कौटुंबिक मेजवानीचा दिवस. १९०३ साली तो सार्वजनिक सुट्टीचा झाला आणि स्वतंत्र आयर्लंडमध्ये १९६० च्या सुमारापर्यंत त्या दिवशी मद्यालये कायद्याने बंद असत. अपवाद होता डब्लिनमधील कुत्र्यांच्या एका प्रदर्शनाचा. तेथे मद्य मिळे, आणि म्हणे त्या दिवशी श्वानप्रेमींची संख्या एकाएकी वाढे! मिरवणुकी, हिरवे मद्य आणि हिरवे न घालणाऱ्यास चिमटा काढण्याची गंमत ही अमेरिकेची देणगी आहे. हिरवे घालणारा लेप्रेकॉन या बुटक्या यक्षास दिसत नाही व इतरांना तो चिमटे काढतो, अशी सबब त्यासाठी सांगितली जाते. एकोणिसाव्या शतकातील लोककथा-संग्राहकांनी वर्णिलेला लेप्रेकॉन लाल अंगरखा घालीत असे. बाजाराने त्यालाही हिरवे करून टाकले. २०१० मध्ये आयर्लंडच्या पर्यटन संस्थेने जगभरच्या वास्तूंवर हिरवे दिवे पाडण्याचा उपक्रम सुरू केला. त्यात वाईट काही नाही, उपयोग तर पुष्कळ आहे. पण ज्या रंगाने एकेकाळी सत्तेच्या पोटात गोळा आणला, तो आज कोणासही अडचणीचा वाटत नाही. जो रंग सर्वांनाच चालतो, तो कोणाचा राहतो?

ज्या भागात तो अजूनही अडचणीचा वाटतो, तो भाग म्हणजे उत्तर आयर्लंड. १९२१ च्या फाळणीने ब्रिटनकडे राहिलेल्या या प्रांतात रस्त्याच्या कडेचे दगडसुद्धा रंगविलेले असतात. एका वस्तीत लाल, पांढरे, निळे. पलीकडच्या वस्तीत हिरवे, पांढरे, नारिंगी. १९५४ च्या कायद्याने शांतताभंगाची भीती वाटल्यास ब्रिटिश ध्वजाखेरीज कोणताही ध्वज उतरविण्याचा अधिकार पोलिसांना दिला. तो कायदा रद्द होण्यास १९८७ साल उजाडले. तीन दशकांच्या हिंसाचारानंतर १९९८ च्या एप्रिलमध्ये शांतता करार झाला, तरीही २०१२ च्या डिसेंबरात बेलफास्ट नगर परिषदेने ब्रिटिश ध्वज वर्षभर न लावता ठरावीक दिवशीच लावण्याचा निर्णय घेताच शहर आठवडेच्या आठवडे पेटले. दुसऱ्या बाजूचे वर्तनही निर्दोष नाही. कित्येक राष्ट्रवादी तिरंग्यातील नारिंगीस हट्टाने ‘सोनेरी’ म्हणतात, गाण्यांतही तसेच गातात. सरकारी मार्गदर्शिकेस बजावून सांगावे लागते की हा पट्टा नारिंगीच असला पाहिजे, पिवळा वा सोनेरी नव्हे. नारिंगीला सोनेरी म्हटले की मेहरने पुढे केलेला हात मागे घेतला जातो, आणि मधला पांढरा पट्टा निरर्थक होतो. हे त्यांच्या ध्यानात येत नसेल असे नाही.

आयर्लंडच्या वायव्य टोकास डोनेगल परगणा आहे. तो अल्स्टरचा भाग असूनही फाळणीनंतर प्रजासत्ताकात राहिला. तेथे रॉसनोला नावाचे समुद्रकाठचे एक लहान खेडे आहे. दरवर्षी १२ जुलैच्या आधीच्या शनिवारी ऑरेंज ऑर्डरचे लोक, काही सीमेपलीकडून तर काही त्याच परगण्यातील, नारिंगी पट्टे घालून, ढोल वाजवीत या गावातून अटलांटिकच्या वाळूच्या दिशेने चालत जातात. ज्या राज्याचा राष्ट्रध्वज मेहरचा तिरंगा आहे, त्याच राज्याचे पोलीस रस्त्याकडेला वाहतूक थोपवून त्यांना वाट करून देतात. सुट्टीसाठी आलेली कॅथलिक कुटुंबे किनाऱ्यावरून ती मिरवणूक पाहतात, आणि ढोल थांबले की मंडळी आपापल्या घरी जातात.